तेवीस माणसे आणि एक पडवी

सुटी लागायच्या महिनाभर आधीपासून आपल्या घराघरांत एकच बोलणे सुरू होते. यंदा कुठे जायचे? नवरा-बायको आणि दोन मुले एवढेच असतील तर प्रश्न सोपा असतो. मोबाइलवर चार फोटो पाहायचे, खिसा चाचपायचा आणि खोली ठरवायची. पण दादी, फुफू, चाचा, सुना, जावई, नातवंडे असे सगळे मिळून निघायचे ठरले की कुठे जायचे यापेक्षा कुठे उतरायचे, हेच मोठे कोडे होऊन बसते. सहलीची मजा आणि सहलीतली भांडणे, दोन्ही बहुतेक वेळा मुक्कामाच्या जागेतून निघतात. म्हणून मालवणच्या किनाऱ्यावर आम्ही जागा कशी निवडली, ते जरा तपशिलाने सांगतो. अशाच बेतात असलेल्या घरांना त्याचा उपयोग व्हावा.

आमचे घर मिरजेचे. तीन भाऊ, एक बहीण. आम्ही मधले, दोघेही शाळेत शिकवतो. मोठे भाई आणि भाभी मिरजेतच, धाकटा पुण्याला नोकरीत, आपा लग्न होऊन मुंब्र्याला. जयसिंगपूरची फुफू बेवा आहे. तिचा मुलगा छोटेसे गॅरेज चालवतो. अब्बांच्या इंतकालानंतर घराची वाटणी झाली. वाटणीत फार मोठे भांडण झाले नाही, पण चार वर्षे तिन्ही भावांच्या चुली वेगळ्या झाल्या त्या झाल्याच. एकत्र जेवण म्हणजे कुणाच्या लग्नात किंवा मय्यतीच्या घरी. अम्मींचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेले. त्यांनी एक दिवस सहज म्हणावे तसे म्हटले, "समुद्र बघायचाय. पण सगळ्यांबरोबर. सगळी लेकरं एका दस्तरख्वानवर जेवताना बघायचीत." ही सफर त्या वाक्यावर ठरली.

मोजदाद केली. अम्मी एक. फुफूकडचे चार, मोठ्या भाईंकडचे सहा, आमचे पाच, धाकट्याचे चार, आपाकडचे तीन. एकूण तेवीस. आणि चोवीसावा गाडीचा ड्रायव्हर, ज्याला अशा हिशेबात लोक नेहमी विसरतात.

मुलांनी आपला ठराव आधीच पास करून ठेवला होता. त्यांना थीम पार्कला जायचे होते. आमच्या लहानपणी एस्सेलवर्ल्डची जाहिरात पाहून जसा जीव जायचा, तसा त्यांचा खोपोलीजवळच्या इमॅजिकासाठी जात होता. एस्सेलवर्ल्ड मुंबईत गोराईला 1989 साली सुरू झाले होते, इमॅजिका 2013 साली. तिथे पार्कला लागून मोठे हॉटेलही आहे, म्हणजे सकाळी उठले की पाळण्यात. मुलांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. कागद घेऊन बसलो. अशा ठिकाणी तिकीट माणशी असते. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते, आणि हृदयविकार, मणक्याचा त्रास, गर्भारपण असलेल्यांना चढू नका असे सांगितलेले असते. तेवीसपैकी अम्मी, फुफू, दुल्हाभाई, तान्हे मूल आणि त्याची आई, एवढी माणसे तिकीट काढून बाकावर बसणार आणि इतरांच्या चपला-पिशव्या सांभाळणार. पाळणे ज्यांना झेपतात त्यांच्यासाठी ती जागा उत्तम आहे. चार मित्र, दोन तरुण जोडपी, शाळेची सहल यांनी जरूर जावे. पण अम्मींना समुद्र बघायचा होता.

नमाजच्या बाबतीत आपल्याला एक शिकवण मिळालेली आहे. इमामाने नमाज फार लांबवू नये, कारण मागे उभ्या असलेल्यांत कुणी म्हातारा असतो, कुणी आजारी, कुणी कमजोर. हुजूर (स.) यांची ही ताकीद आपण मशिदीत ऐकतो. सफरीत मात्र विसरतो आणि सगळ्यांत दणकट माणसाच्या हौसेने कार्यक्रम आखतो. आम्ही ठरवले की यावेळी हिशेब उलटा करायचा.

सिंधुदुर्ग निवडायला कारणे सरळ होती. मिरजेहून कोल्हापूर, राधानगरी, फोंडाघाट, कणकवली असे मालवणला पोहोचता येते. सकाळी फजर पढून निघाले की दुपारपर्यंत समुद्र दिसतो. मुंब्र्याच्या आपाला कोकण रेल्वे सोयीची. कोकणकन्या किंवा तुतारीने कुडाळला उतरायचे आणि तिथून तासाभरात मालवण. हा जिल्हा 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झाला आणि 1997 साली त्याला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केले. त्यामुळे उतरायच्या जागांना तोटा नाही. खरा त्रास तिथेच सुरू होतो, कारण जागा भरपूर आणि प्रत्येक फोटोत तेच निळे पाणी, तोच माड.

मालवणच्या आसपास मोठ्या कुटुंबाला साधारण चार तऱ्हेच्या जागा मिळतात.

पहिली, मालवण शहरातले लॉज. बाजार, एसटी स्टँड, किल्ल्याला जाणारी जेटी, मशीद, औषधाचे दुकान, सगळे चालत जाण्यासारखे. भाडे बेताचे. पण खोल्या एकावर एक, जिने अरुंद, आणि सगळ्यांनी मिळून बसायला जागा म्हणजे खाटेची कडा. मोठ्या भाईंचे मत या बाजूला होते. "झोपायलाच तर जायचंय," ते म्हणाले.

दुसरी, समुद्राकाठची रिसॉर्टे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान अगदी किनाऱ्याला लागून आहे. जागा सुंदर आणि सरकारी असल्यामुळे नियम ठरलेले. खासगी रिसॉर्टांत पोहण्याचे तळे, खेळायला हिरवळ, जेवणाचा हॉल असतो. धाकट्याचा जीव इथे अडकला होता. पण रिसॉर्टात खोल्या सुट्या सुट्या असतात. जेवायला चार-चार माणसांची टेबले. शेजारच्या खोलीत कोण उतरेल, तो अंगणात बसून काय पिईल, यावर आपला ताबा नसतो. आपल्या बायकांना त्या तळ्याचा उपयोग नाही आणि अम्मींना तर मुळीच नाही.

तिसरी, कर्ली नदीच्या खाडीतली हाउसबोट. बघायला फार छान. नवविवाहितांना किंवा चौकोनी कुटुंबाला ठीक. तेवीस माणसांना आणि रांगणाऱ्या मुलाला नाही.

चौथी, लोकांची राहती घरे. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेमुळे कोकणात हा प्रकार रुळला. मालवण, वायरी, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात अनेक घरांनी आपल्या घराला चार-सहा खोल्या जोडल्या आहेत. मालक तिथेच राहतो, मालकीण रांधते. घरापुढे खळे, म्हणजे सारवलेले किंवा फरसबंद अंगण, आणि खळ्याला लागून पडवी.

पाचवा एक पर्यायही निघाला होता. रिकामा बंगला भाड्याने घ्यायचा, शिधा बरोबर न्यायचा आणि स्वयंपाक आपणच करायचा. खर्च सगळ्यांत कमी. पुरुष मंडळी खूश झाली. भाभी चहा देता देता म्हणाल्या, "म्हणजे मिरजेत थापायच्या त्या भाकरी मालवणात थापायच्या. मग मी इथेच बरी." कुणी काही बोलले नाही. बंगल्याचा विषय तिथेच संपला आणि तो संपायलाच हवा होता. घरातल्या बायकांना चार दिवस चुलीपासून सुटी मिळत नसेल तर ती सहल अर्ध्याच घराची असते.

मग धाकट्याने उदारपणे सांगितले, "रिसॉर्टच घेऊ. सगळ्यांचा खर्च मी करतो." त्याची नियत साफ होती. पण मोठ्या भाईंचा चेहरा उतरला, फुफूच्या मुलाने मान खाली घातली. अम्मी सगळे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तू एकट्याने दिलंस तर ती तुझी सफर झाली बाबा. बाकीचे तुझे मेहमान. मला सगळ्यांची सफर पाहिजे."

त्यावर मशवरा होऊन एक तोड निघाली. प्रत्येक घराने आपल्या ताकदीप्रमाणे रक्कम बंद लिफाफ्यात घालायची, लिफाफ्यावर नाव लिहायचे नाही. पाचही लिफाफे अम्मींच्या हातात द्यायचे. त्यांनी ते एकत्र करून एकच थैली आमच्याकडे हिशेबाला द्यायची. कुणी किती दिले हे आम्हालाही आजतागायत माहीत नाही. रक्कम पुरली, थोडी उरलीसुद्धा. माणशी समान वर्गणी हा वरवर न्यायाचा वाटणारा हिशेब मोठ्या कुटुंबात नेहमी गरिबाला बोचतो. एकट्याने सगळे भरणे श्रीमंताला मोठे करते आणि बाकीच्यांना गप्प करते. लिफाफ्याने दोन्ही टळले.

आता फोन. आम्ही दहा-बारा ठिकाणी फोन केले. बोलताना एक गोष्ट कळली. बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, "किती रूम पाहिजेत?" एका ठिकाणी खोल्या आहेत म्हणून सांगितले, नाव विचारले, आणि नाव ऐकल्यावर खोल्या भरल्याचे लक्षात आले. असे होते. आपल्या वाचकांना ते नवीन नाही. आम्ही शांतपणे शुक्रिया म्हणून फोन ठेवला आणि पुढचा नंबर फिरवला. त्यावर रागाने दिवस घालवला असता तर पुढचा फोन राहून गेला असता.

पुढचा फोन तारकर्लीच्या एका घरी लागला. पलीकडून एका बाईंचा आवाज आला. त्यांनी रूमचे विचारलेच नाही. "माणसां किती ता सांगा. म्हातारी किती, बारकी पोरां किती? जिनो चढूक कोणाक जमणा नाय काय?" आम्ही नाव सांगितले, मुसलमान असल्याचेही आपण होऊन सांगितले, म्हणजे पुढे जेवणाचा घोळ नको. त्या म्हणाल्या, "मगे कोंबडी तुमीच कापा. माका तेवढोच त्रास कमी." जागा तिथेच निम्मी ठरली.

उरलेली निम्मी ठरवायला आम्ही प्रश्नांची यादी केली होती. ती इथे देतो. शिक्षकाची सवय आहे, माफ करा.

तळमजल्यावर किती खोल्या आहेत आणि त्यांतल्या कितींना कमोड आहे? उंबरठा किती उंच? गुडघे गेलेल्या माणसाला समुद्र किती जवळ यापेक्षा संडास किती जवळ हे महत्त्वाचे असते. सगळे घर आपल्यालाच मिळेल का, की एखादी खोली दुसऱ्याला दिली जाईल? तेवीस माणसांची ताकद इथे असते. पूर्ण घर घेतले की परदा, नमाज, मुलांचा दंगा, शेजारच्याची बाटली, सगळे प्रश्न एकदम सुटतात. सगळ्यांना एकत्र बसायला छपराखाली जागा आहे का, आणि ती किती मोठी? मालकीणबाईंनी सांगितले, "लगीन लागताला एवढी पडवी आसा." स्वयंपाक कोण करणार, दिवसाला किती वेळा, भांडी कोणती? पिण्याचे पाणी कुठले? वीज गेली तर काय सोय? गाडी फाटकापर्यंत येते का? ड्रायव्हरला झोपायला खाट आणि जेवण मिळेल का? आगाऊ रक्कम किती, पावती मिळेल का, आणि येणे रद्द झाले तर किती परत? जवळचा दवाखाना कोणता? मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे आणि ओरोसला जिल्हा रुग्णालय, ही नोंद आम्ही आधीच करून ठेवली.

तारकर्ली घ्यावी की देवबाग, हाही विचार झाला. देवबाग ही कर्लीची खाडी आणि समुद्र यांच्यामधली निमुळती पट्टी आहे. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये माड, घरे आणि एकच चिंचोळा रस्ता. जागा अशी की नजर हटत नाही. नदी समुद्राला मिळते तो संगमही तिथलाच. पण लहान मुले बरोबर असली की दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे लक्ष ठेवावे लागते. तारकर्ली मालवणपासून सहा-सात किलोमीटर. बाजार, दवाखाना, मशीद आवाक्यात. आम्ही तारकर्लीत राहून देवबाग बघून यायचे ठरवले.

दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, सुटीच्या शेवटच्या दिवसांत गेलो. तीन रात्री, चार दिवस. याच दिवसांचे कारण असे की पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, आणि दिवाळीच्या ऐन आठवड्यात व नाताळात दर चढलेले असतात.

घर जांभ्या दगडाचे, कौलारू, मागे माडांची बाग. जुने घर पुढे आणि नव्या सहा खोल्या मागे. वाटप आधीच कागदावर केले होते. अम्मी, फुफू आणि आपा यांना तळमजल्याची, पडवीला लागून असलेली खोली. तान्ह्या मुलाच्या आईबापांना त्याशेजारची, म्हणजे रात्री रडले तर मदतीला माणूस. तरुण पोरांना वरची माळवदाची. पोहोचल्यावर खोल्यांसाठी धावाधाव झाली नाही. मोठ्या सहलीत रुसवे-फुगवे तिथेच सुरू होतात, म्हणून हे काम घरून करून निघावे.

पडवीचा पहिला उपयोग नमाजसाठी झाला. मालवणच्या किनाऱ्यावरून किब्ला पश्चिमेला, जराशी उत्तरेकडे कललेली. म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे आणि थोडे उजवीकडे वळायचे. मागे सुनामुलींची सफ, पुढे आम्ही, बाजूला खुर्चीवर अम्मी. आमचे घर हनफी, धाकट्याची बायको चिपळूणची, शाफई. सफरीत कसरची मुभा दोघांनाही असते, पण तपशील वेगळे. आमच्याकडे पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर कसर, त्यांच्याकडे जाण्या-येण्याचे दिवस सोडून चार दिवसांपेक्षा कमी. आमचा मुक्काम दोन्ही मापांत बसत होता. शाफई मताने सफरीत जोहर-असर एकत्र पढता येतात, आमच्याकडे नाही. कोणी कोणाला दुरुस्त करत बसले नाही. जुम्याला पुरुष मंडळी मालवणच्या मशिदीत गेली.

पडवीचा दुसरा उपयोग दस्तरख्वान. लांबच लांब चादर अंथरली तेव्हा तेवीस माणसे एका रांगेत समोरासमोर बसली. अम्मींची खुर्ची टोकाला. काकींनी, म्हणजे मालकीणबाईंना आम्ही सगळेच काकी म्हणू लागलो होतो, पहिल्या दिवशी सुरमईचे तुकडे, बांगड्याचे तिरफळ घातलेले सार, भात आणि सोलकढी वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी घावने. गावठी कोंबडी मोठ्या भाईंनी स्वतः जिबह करून दिली, काकींनी तिचे वाटप घालून कालवण आणि वडे केले. भांडी आम्ही विचारली होती त्याप्रमाणे वेगळी ठेवलेली. पैसे मोजून घेतले तरी त्यांनी आपणहून केलेल्या या गोष्टीचे मोल पैशांत होत नाही.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या आल्या. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यांतली मासळी, कोकणातल्या शाफई घरांत त्या आवडीने खातात. हनफी घरांत माशांखेरीज पाण्यातले इतर जीव खात नाहीत, आणि कोळंबीबाबत उलेमांची मते दोन आहेत. चिपळूणच्या दुल्हनने लग्नाला अकरा वर्षे झाली तरी आमच्या घरी कधी तिसऱ्यांचे नाव काढले नव्हते. काकींनी बाजारातून आणलेल्या बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच तिने नजर वळवली. अम्मींना ते दिसले. "हिच्यासाठी वेगळ्या भांड्यात करा," त्यांनी काकींना सांगितले, "आणि वाढताना डाव वेगळा ठेवा. लेकीला माहेरचं जेवण मिळू दे." एकाच दस्तरख्वानवर एकीने तिसऱ्या खाल्ल्या, बाकीच्यांनी बांगडा. रिसॉर्टच्या चार माणसांच्या टेबलावर हे झाले नसते, कारण अम्मी दुसऱ्या टेबलावर असत्या.

आता समुद्राबद्दल, आणि हा भाग कृपा करून काळजीपूर्वक वाचावा. हा किनारा शांत दिसतो म्हणून शांत समजू नये. एप्रिल 2017 मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. त्याआधी फेब्रुवारी 2016 मध्ये रायगड जिल्ह्यात मुरुडला पुण्याच्या एका महाविद्यालयाची मुले सहलीत समुद्रात गेली, त्यांतली 14 परत आली नाहीत. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. घाटावरच्या माणसाला विहीर माहीत असते, नदी माहीत असते. ओहोटीचे पाणी पायाखालची वाळू कशी ओढून नेते हे त्याला माहीत नसते. म्हणून आम्ही नियम केले. भरती-ओहोटीची वेळ रोज काकींच्या मुलाला विचारायची. तो जिथे म्हणेल तिथेच आणि गुडघाभर पाण्यापर्यंतच. दोन मोठी माणसे कोरडी राहून फक्त मुले मोजत उभी राहतील, हातात मोबाइल नाही. मगरीबच्या अर्धा तास आधी सगळे बाहेर. बोटीत बसायचे तर प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि माणसे जास्त दिसली तर बोट सोडून द्यायची. आम्ही शाळेची शिट्टी नेली होती. तिचा उपयोग झाला.

बायकांनी समुद्र बघितला तो फजरनंतर. तेव्हा किनारा जवळजवळ रिकामा असतो. रापण ओढणारे कोळी लांब दिसतात, बाकी कोणी नाही. भाभी, आपा, दुल्हन आणि मुली पाण्याच्या कडेने दूरवर चालत गेल्या. परत आल्या तेव्हा चहा तयार होता आणि तो त्यांनी केलेला नव्हता. भाभी कप हातात घेऊन नुसत्या बसून राहिल्या.

किल्ल्यावर सगळे गेले नाहीत. सिंधुदुर्ग मालवणच्या समोर कुरटे बेटावर आहे. शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी त्याची पायाभरणी केली आणि 1667 साली तो पूर्ण झाला. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. चारी बाजूंना खारे पाणी आणि मध्ये गोडे, हे मुलांना पटवायला पाणी प्यायला द्यावे लागले. महाराजांच्या आरमारात दौलतखान हे मोठे सरदार होते, हेही आम्ही मुलांना तिथेच तटावर उभे करून सांगितले. आपल्या मुलांना इतिहासात आपली माणसे कुठे होती हे कळायला हवे आणि ते सांगायला अशी जागा शोभते. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत.

पण होडीत चढायला-उतरायला लागणारा पाय अम्मींकडे नव्हता. त्यांच्याबरोबर कोण थांबणार? हा प्रश्न प्रत्येक घरात असतो आणि बहुधा एखादी सूनच न विचारता थांबते. आम्ही पाळी लावली होती. किल्ल्याच्या दिवशी धाकटा थांबला. रिसॉर्टसाठी हट्ट धरणारा तोच धाकटा. दुपारी आम्ही परतलो तर पडवीत चटईवर तो आडवा झोपलेला आणि अम्मी खुर्चीत बसून त्याच्यावरच्या माश्या वारत होत्या. काकी शेजारी बसून नारळ सोलत होत्या. दोघींचे काय बोलणे चालले होते कोण जाणे, एकीची मालवणी आणि दुसरीची मिरजेची दखनी. काही अडले नव्हते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मोठे भाई आणि धाकटा पडवीच्या पायरीवर बसले. बराच वेळ बसले. आतून दिवा मालवायला कोणी उठले नाही. काय बोलले ते आम्ही विचारले नाही. सकाळी भाईंनी चहाच्या वेळी एवढेच सांगितले की येत्या ईदला दुपारचे जेवण जुन्या घरी, सगळ्यांचे.

पडवीने चमत्कार केला असे आमचे म्हणणे नाही. चार वर्षांचे अंतर तीन रात्रींत भरत नाही. पण माणसांना जवळ बसायला जागाच नसेल तर जवळ येण्याची वेळही येत नाही. लॉजमध्ये जेवण झाले की प्रत्येक जण आपल्या खोलीत गेला असता आणि दार लावले असते. रिसॉर्टात धाकटा तळ्याकाठी आणि भाई खोलीत. आणि दोघांनाही वाटले असते की सहल छान झाली.

शेवटी एवढेच सांगायचे आहे. मोठे कुटुंब घेऊन निघणार असाल, मग मालवणला असो, अलिबागला असो की आणखी कुठे, फोटोतली गादी आणि तळे बघण्याआधी तीन गोष्टी विचारा. सगळ्यांत म्हातारे माणूस मदतीशिवाय कुठवर चालू शकेल? घरातल्या बायकांच्या हाताला किती आराम मिळेल? आणि रात्री सगळे कुठे बसतील? रूम किती, हे त्यानंतर विचारा. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या सफरी आसान करो आणि आपापल्या माणसांसह सुखरूप घरी आणो. आमीन.